सल्ला यंत्राचा, चुकीचा धनी कोण?

२०२५ च्या जुलैमध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना परप्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट देऊ केलं. ऑक्टोबर संपता संपता जिओने गूगलला सोबत घेऊन जेमिनीची महागडी योजना दीड वर्ष मोफत देण्याची घोषणा केली. तिची किंमत ३५,१०० रुपये आहे हे सांगायला जाहिरात विसरली नाही. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता तोच, ४ नोव्हेंबरपासून, ओपनएआयने चॅटजीपीटी गो भारतात वर्षभरासाठी विनामूल्य केलं. हीच योजना ऑगस्टमध्ये महिना ३९९ रुपयांना बाजारात आली होती. कोणता चॅटबॉट वापरायचा हा निर्णय कित्येक घरांत माणसांनी घेतलाच नाही. खिशात कोणत्या कंपनीचं सिमकार्ड आहे त्यावरून तो होऊन गेला.

फुकट ते पौष्टिक, या न्यायाने यात गैर काही नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओने फुकट डेटा वाटला तेव्हाही लोकांनी रांगा लावल्या, आणि त्यातून खेड्यापाड्यांत इंटरनेट पोहोचलं हे खरंच आहे. सवय लागली की दर येतात, हेही तेव्हा कळून चुकलं. पण डेटा कोणाचाही घेतला तरी व्हिडिओ तोच दिसतो. चॅटबॉटचं तसं नाही. एकच प्रश्न तिघांना विचारला तर तीन उत्तरं येऊ शकतात, आणि तिन्ही उत्तरांचा सूर सारखाच ठाम असतो.

म्हणून ‘यातला सर्वांत चांगला कोणता?’ हा चहाच्या टपरीपासून व्यापाऱ्यांच्या बैठकीपर्यंत विचारला जाणारा प्रश्न जरा बाजूला ठेवलेला बरा. आधी ठरवायचं ते हे की, काम कोणतं, त्यातली चूक पकडणार कोण, आणि ती पकडली गेली नाही तर भुर्दंड कोणाच्या माथी. एवढं ठरलं की निवड बरीच सोपी होते. कधी कधी तर ‘या कामाला चॅटबॉट नकोच’ इतकी सोपी.

क्रमवाऱ्यांना तोटा नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘चॅटबॉट अरेना’त दोन बॉटची नावं झाकून त्यांची उत्तरं दाखवतात आणि लोक मत देतात. कल्पना झकास. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये मेटाने आपल्या लामा-४ या मॉडेलची खास गप्पांसाठी घासूनपुसून तयार केलेली प्रायोगिक आवृत्ती तिथे उतरवली. ती दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली आणि लोकांच्या हाती दिलेली आवृत्ती वेगळीच निघाली. शिवाय दर काही महिन्यांनी नवं मॉडेल येतं. छापलेली क्रमवारी पेपर रद्दीत जाण्याआधी शिळी होते. त्यातल्या त्यात टिकाऊ फरक असे: ज्यांचं काम वर्ड-एक्सेलमध्ये चालतं त्यांना मायक्रोसॉफ्टचा कोपायलट हाताशी पडतो, जीमेल आणि गूगल डॉक्सवाल्यांना जेमिनी. परप्लेक्सिटी उत्तरासोबत दुवे देतो. प्रोग्रामर मंडळींत क्लॉडचं नाव आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या बाहेर ज्यांना जायचंच नाही त्यांच्यासाठी मेटा एआयचं वर्तुळ तिथेच येऊन बसलेलं आहे. घरगुती कामं फुकट आवृत्तीवर भागतात. बाकीचे फरक ज्याने त्याने आपल्या धंद्यातल्या प्रश्नांवर पारखून घ्यायचे.

पारखायचं कसं? ज्याचं उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे तेच विचारून. फरसाणाचं दुकान असेल तर विचारावं, ‘पाकीटबंद नमकीनवर जीएसटी किती?’ ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास मोडीत काढले आणि २२ सप्टेंबरपासून नमकीनवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दुकानदाराला झोपेतून उठवलं तरी तो हे सांगेल. चॅटबॉट ज्या मजकुरावर शिकला त्यात मात्र १२ टक्के सांगणारी पानं वर्षानुवर्षांची आहेत. इंटरनेटवर शोध न घेता त्याने नुसतं आठवणीतून उत्तर दिलं, तर १२ म्हणण्याचा संभव मोठा, आणि म्हणताना तो अडखळणारही नाही. कारण त्याच्या पोटात दरपत्रक नसतं. मागच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत तो वाक्य पुरं करतो. खरं वाक्य आणि खरं वाटणारं वाक्य, दोन्ही सारख्याच ऐटीत बाहेर पडतात. ज्या बॉटने आधी शोध घेतला, परिषदेचं पत्रक दाखवलं आणि दर कोणत्या तारखेपासून लागू तेही सांगितलं, तो या परीक्षेत पास.

दुसरी परीक्षा गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीची. ऑगस्ट सरत आला की त्याच्यामागे वार्षिक सर्वसाधारण सभेचं लचांड लागतं. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. हा माणूस दिवसा बँकेत नाहीतर कारखान्यात असतो आणि रात्री जेवणं आटोपल्यावर सोसायटीचं दप्तर उघडतो. त्याने चॅटबॉटला ‘वार्षिक सभेची नोटीस तयार कर’ म्हटलं की अर्ध्या मिनिटात विषयपत्रिकेसह देखणी नोटीस हजर. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद स्वीकारणे, लेखापरीक्षकाची नेमणूक करणे, आणि अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. क्रमांक शिस्तीत, भाषा सरकारी. त्यातच कुठेतरी ‘सभेच्या २१ दिवस आधी’ हे शब्द डोकावू शकतात. २१ दिवसांची अट कंपनी कायद्यातली आहे. आदर्श उपविधींप्रमाणे गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते आणि विशेष सभेला ५ दिवसांची. हीच गत बिनभोगवटा शुल्काची. फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटीला हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं, आणि हस्तांतर प्रीमियम कितीही घ्यावासा वाटला तरी २५,००० रुपयांच्या वर जात नाही. यातला एक आकडा चुकला तर पहिल्या रांगेतले निवृत्त सभासद सेक्रेटरीला फाडून खातील. आणि प्रकरण उपनिबंधकांकडे गेलंच, तर तिथे ‘चॅटबॉटने सांगितलं’ हे उत्तर चालणार नाही.

तोडगा अवघड नाही. संस्थेच्या उपविधींची पीडीएफ चॅटबॉटला द्यायची आणि बजावायचं: यातूनच उत्तर दे, कलमाचा क्रमांक लिही, सापडलं नाही तर नाही म्हण. गूगलचं नोटबुकएलएम तर याच पद्धतीवर बेतलेलं आहे. दिलेल्या कागदांतून ते उत्तर काढतं आणि कुठून काढलं ते दाखवतं. (उपविधी जुन्या टंकलिखित प्रतीची झेरॉक्स असतील तर यंत्र अक्षरं चुकीची वाचतं, म्हणून आधी स्वच्छ प्रत मिळवावी.) मग क्रमांकाबरहुकूम कलम उघडून बघायला किती वेळ लागतो? अशा वेळी चॅटबॉट सेक्रेटरीची अख्खी संध्याकाळ वाचवतो, कारण काय तपासायचं ते सेक्रेटरीला ठाऊक असतं. ज्याने उपविधी कधी उघडलेच नाहीत, त्याच्या हाती हेच यंत्र भांडणाला निमित्त पुरवतं.

मराठी माणसाने आणखी एक परीक्षा घ्यावी, ती मराठीचीच. चॅटबॉट मजकुराचे तुकडे करून वाचतो. त्या तुकड्यांना टोकन म्हणतात, आणि आपल्या अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर चॅटबॉट जोडणाऱ्या कंपनीला पैसे टोकनच्या हिशेबाने मोजावे लागतात. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना ओपनएआयनेच एक तक्ता दिला होता. ओळख करून देणाऱ्या एका छोट्या मजकुराला इंग्रजीत आधी २७ टोकन लागत, नव्या पद्धतीत २४. त्याच मजकुराच्या मराठी रूपाला आधी ९६ लागत, आता ३३. म्हणजे तोवर मराठीत बॉट चालवणारा त्याच कामासाठी इंग्रजीच्या साडेतीनपट मोजत होता, आणि हे कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.

ती दरी बुजत आली आहे. जून २०२४ मध्ये जेमिनीचं अ‍ॅप भारतात आलं तेच मराठीसह नऊ भारतीय भाषा घेऊन. पण टोकनचा हिशेब जुळला म्हणून बोलण्याची धाटणी जुळतेच असं नाही. घरगुती मोदकांच्या ऑर्डरी घेणाऱ्या एखाद्या काकूंनी ‘गणपतीसाठी मेसेज लिहून दे’ म्हटलं तर साधारण असं काहीतरी येतं: ‘आमच्या उत्कृष्ट दर्जाच्या मोदकांसह आपला सण अविस्मरणीय बनवा! अधिक माहितीसाठी आमच्याशी संपर्क साधण्यास अजिबात संकोच करू नका.’ वर दोन फुलं आणि एक हत्ती. कॉलनीतल्या एकाही गिऱ्हाइकाशी काकू असं बोलत नाहीत. त्यांचा मेसेज असा असतो: ‘उकडीचे मोदक मिळतील. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आकडा सांगा. ऐन वेळी मागितले तर मिळणार नाहीत.’ यातलं शेवटचं वाक्य चॅटबॉटला आपणहून सुचत नाही, आणि गिऱ्हाईक वेळेवर फोन करतं ते त्याच वाक्यामुळे. यालाही उपाय आहे. आपलेच जुने चार-पाच मेसेज त्याच्यासमोर ठेवावेत आणि ‘असंच लिही’ म्हणावं. फरक लगेच दिसतो. तरीही ज्याला जमत नाही, तो बॉट मराठी कामासाठी सोडून द्यावा, मग त्याची इंग्रजीतली कीर्ती केवढीही असो.

इथवरच्या चुका घरच्या घरी निस्तरता येण्याजोग्या. पुढची मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला. संबंधित कंपनीने उत्पन्न दाखवलं होतं ३.०९ कोटी रुपयांचं. खात्याने ते २७.९१ कोटी ठरवलं. त्यासाठी ज्या निवाड्यांचा आधार घेतला होता, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने खात्याला सुनावलं त्याचा आशय असा: एआयच्या या काळात यंत्रणा जे समोर आणून टाकते त्यावर विसंबण्याची वृत्ती वाढली आहे, पण अर्धन्यायिक अधिकार वापरताना ते डोळे झाकून उचलायचं नसतं, पडताळून घ्यायचं असतं. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळुरू खंडपीठाच्या एका आदेशातही असेच कपोलकल्पित निवाडे निघाले आणि आदेश मागे घेण्याची नामुष्की आली. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तर जून २०२३ मध्येच चॅटजीपीटीने रचलेले सहा खोटे निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला होता. ती बातमी जगभर गाजली होती. तरी आपल्याकडच्या अधिकाऱ्यांना निवाड्याचा क्रमांक टाकून तो आहे की नाही एवढं बघावंसं वाटलं नाही, याला तंत्रज्ञानाचा दोष म्हणणं कठीण आहे.

या प्रकरणातली चिंतेची गोष्ट वेगळीच आहे. त्या कंपनीने चॅटबॉट वापरला की नाही याच्याशी तिच्यावर आलेल्या संकटाचा काही संबंध नव्हता. ज्याने आयुष्यात कधी चॅटबॉट उघडला नाही त्याच्याही दारात यंत्राचा मजकूर आता येतो आहे. कधी नोटिशीतून, कधी विम्याच्या नकारपत्रातून, कधी वकिलाने पाठवलेल्या मसुद्यातून. तेव्हा समोरून आलेल्या कागदात निवाड्याचा किंवा नियमाचा हवाला असेल तर त्याची प्रत मागायची, यात उद्धटपणा काही नाही. चांगला सीए किंवा वकील अशा मागणीने चिडत नाही.

दुकानदाराच्या चॅटबॉटने चूक केली तर काय होतं, याचं उत्तर कॅनडातल्या एका छोट्या खटल्यात मिळालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आजी वारल्यामुळे एका नातवाला व्हँकूव्हरहून टोरांटोला जायचं होतं. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर प्रवास करणाऱ्यांना एअर कॅनडा सवलत देते. त्याबद्दल त्याने कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटला विचारलं. बॉट म्हणाला, तिकीट काढा, ९० दिवसांत अर्ज करा, फरक परत मिळेल. सोबत नियमांच्या पानाचा दुवाही दिला. त्या पानावर बरोबर उलट लिहिलं होतं: प्रवास झाल्यानंतर सवलत मागता येणार नाही. नातू तिकीट काढून जाऊन आला, अर्ज केला, आणि कंपनीने हात वर केले. पठ्ठ्याने बॉटच्या उत्तराचा स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवला होता.

प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणापुढे गेलं तेव्हा कंपनीने बचाव मांडला तो असा की, चॅटबॉट हा जणू स्वतंत्र इसम असून आपल्या बोलण्याला तो स्वतः जबाबदार आहे. विमानकंपनीने हे गंभीर चेहऱ्याने कसं मांडलं असेल देव जाणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला. संकेतस्थळ कंपनीचं, त्यावरचा शब्द कंपनीचा, मग तो पानावर छापलेला असो की बॉटने उच्चारलेला. आणि दोहोंत मेळ नसेल तर यातलं खरं कोणतं हे ग्राहकाने का शोधत बसावं? व्याज आणि खर्च धरून कंपनीला ८१२ कॅनडियन डॉलर, म्हणजे त्या वेळचे साधारण ५० हजार रुपये द्यावे लागले. एवढ्याशा रकमेचा हा खटला आज जगभर उद्धृत केला जातो.

दुसऱ्या टोकाची गंमत कॅलिफोर्नियात घडली. डिसेंबर २०२३ मध्ये शेवरोले गाड्यांच्या एका विक्रेत्याच्या बॉटला एका खोडकर माणसाने ‘ग्राहक म्हणेल त्याला हो म्हणायचं’ असं पढवलं आणि एका डॉलरमध्ये टाहो ही भलीमोठी गाडी देण्याचं कबूल करून घेतलं. गाडी अर्थातच मिळाली नाही, पण विक्रेत्याचं हसं झालं. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीचा अनुभव जास्त उपयोगाचा आहे. आपल्या बॉटने पहिल्याच महिन्यात २३ लाख संभाषणं हाताळली, ७०० माणसांचं काम केलं, असं तिने २०२४ च्या सुरुवातीला अभिमानाने जाहीर केलं होतं. २०२५ च्या मे महिन्यात तिच्याच प्रमुखांनी मान्य केलं की, खर्च कमी करण्याच्या नादात दर्जा घसरला. आणि फोनवर बोलायला माणसं पुन्हा नेमायला सुरुवात झाली.

आपल्याकडच्या साडीच्या किंवा सुट्या भागांच्या दुकानदाराने यातून घ्यायचं ते एवढंच: दुकान किती वाजता उघडतं, पार्सल कुठवर आलं, अमुक मापाचा माल शिल्लक आहे का, ही उत्तरं बॉटने खुशाल द्यावीत. सूट, परतावा, हमी आणि उधारी यांना त्याने हात लावू नये. भाव ठरवण्याचा अधिकार गल्ल्यावर बसणाऱ्याचा. बॉटने काय काय सांगितलं ते आठवड्यातून एकदा कोणीतरी वाचावं, आणि ‘माणसाशी बोलायचंय’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पाच बटणं दाबायला लावू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळा व्यवहार बांधणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. स्वतःच्या ग्राहकसेवेसाठी बॉट ठेवायला मेटाची हरकत नाही. पण सर्वसाधारण चॅटबॉट पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी तिने १५ जानेवारी २०२६ पासून आपल्या बिझनेस सेवेचं दार बंद करण्याचा नियम केला. जागा दुसऱ्याची असली की नियमही त्याचेच.

गुपितांच्या बाबतीत मोठमोठ्या कंपन्याही फसल्या आहेत. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा गोपनीय कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. भारताच्या अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधनं वापरू नका असं बजावलं. २०२५ च्याच जुलैअखेर लोकांनी ‘शेअर’ केलेली चॅटजीपीटीवरची हजारो खासगी संभाषणं गूगलच्या शोधात दिसू लागली. ती सोय ओपनएआयला घाईघाईने काढून टाकावी लागली. कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी स्वतःच त्या सुमारास सांगितलं होतं की, डॉक्टर किंवा वकिलाशी बोलताना कायद्याने जी गोपनीयता मिळते ती चॅटबॉटशी बोलताना मिळत नाही. असं असताना गिऱ्हाइकांचे पॅन आणि आधार क्रमांक असलेली एक्सेल फाइल ‘जरा बेरजा करून दे’ म्हणत बॉटला देणारे कर सल्लागार आहेत, आणि रुग्णाच्या नावासकट रिपोर्टचा फोटो टाकणारे नातेवाईकही. नाव आणि क्रमांक खोडून मग द्यायला कितीसा वेळ लागतो? सेटिंगमध्ये जाऊन ‘मॉडेल सुधारण्यासाठी माझा मजकूर वापरा’ ही खूण काढायलाही तेवढाच.

हे यंत्र तोंडपुजं आहे, हा दोष कमी बोलला जातो. २०२५ च्या एप्रिलमध्ये चॅटजीपीटीची एक आवृत्ती वापरणाऱ्याच्या हो ला हो इतकी मिळवू लागली की कंपनीने काही दिवसांत ती मागे घेतली. आता सुधारणा झाली असली तरी स्वभाव पुरता गेलेला नाही. ‘माझी धंद्याची योजना कशी वाटते?’ असं विचारलं की कौतुकच जास्त येणार. ‘ही योजना कोणत्या तीन कारणांनी बुडेल?’ असं विचारलं तर त्याच यंत्राकडून कामाची माहिती मिळते. तब्येतीच्या बाबतीत मात्र प्रश्न फिरवून भागत नाही. अमेरिकेतल्या एका साठ वर्षांच्या गृहस्थांनी जेवणातलं मीठ सोडायचं ठरवलं, चॅटजीपीटीशी सल्लामसलत केली आणि मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी त्यांना भास होऊ लागले. तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात या प्रकरणाची नोंद आली. ब्रोमाइडची विषबाधा शंभर वर्षांपूर्वी सर्रास दिसायची. आजच्या डॉक्टरांना ती पुस्तकातच भेटते.

एवढं सगळं वाचून चॅटबॉट नकोच असं कोणाला वाटलं तर तेही चुकीचं ठरेल. ज्याला आपलं काम येतं पण इंग्रजी कागदपत्रांपुढे जो अडतो, त्याच्यासाठी यासारखी सोय आजवर झाली नव्हती. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला नेदरलँड्सच्या खरेदीदाराला मेल लिहायला आता मधला माणूस लागत नाही. मेलची इंग्रजी बॉटची चालेल. त्यात लिहायची कीडनाशक अंशाची मर्यादा मात्र अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या कागदातूनच यायला हवी. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून युरोपने भारतीय द्राक्षं नाकारली होती, तेव्हा एका आकड्याची किंमत काय असते हे नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी पुरतं अनुभवलं आहे.

सरकारही या वाटेने निघालं आहे. पीएम-किसानच्या हप्त्यांची चौकशी करता यावी म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘किसान ई-मित्र’ हा बॉट आणला. राज्याने २०२५ मध्ये ‘महाविस्तार-एआय’ हे शेतकऱ्यांसाठीचं अ‍ॅप काढलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मंत्रिमंडळाने कृषी क्षेत्रातल्या एआयचं धोरण ५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर केलं. हप्ता कधी जमा होणार, हे बॉटने चुकीचं सांगितलं तर शेतकऱ्याचा बँकेत एक हेलपाटा होतो. फवारणीचं प्रमाण चुकीचं सांगितलं तर काय होईल, याचा विचार २०१७ आठवून करावा लागतो. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावर औषधांची मिश्रणं करून फवारणं, हे त्यामागचं एक कारण म्हणून तेव्हा पुढे आलं होतं. सल्ला दुकानदाराच्या तोंडून न येता फोनमधून आला, तर तो कोणी दिला हे शोधणं आणखी कठीण होईल.

म्हणून औषधाचं नाव आणि मात्रा सांगणाऱ्या प्रत्येक सरकारी उत्तराखाली ती शिफारस राहुरी, अकोला, परभणी की दापोली यांपैकी कोणत्या कृषी विद्यापीठाची, कोणत्या हंगामाची, आणि शंका आली तर तालुक्यातल्या कोणत्या कृषी अधिकाऱ्याला फोन करायचा, हे छापलेलं असलं पाहिजे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण आखलं त्यात निकाल देण्यासाठी एआय वापरायला मनाई आहे. इतर कामांत वापरला तर कोणतं साधन वापरलं आणि उत्तर कोणी तपासलं याची नोंद ठेवायची आहे. महाराष्ट्रात करवसुलीच्या नोटिशीपासून पीकसल्ल्यापर्यंत जिथे जिथे राज्य सरकार आणि महापालिका ही साधनं वापरतील, तिथे अशीच नोंद सक्तीची करायला नवा कायदा लागणार नाही. तपासणाऱ्याच्या नावाचा आणि सहीचा रकाना ठेवायला सांगणारं शासनाचं एक परिपत्रक पुरेल.